भोईरांना नेमकं काय चावलं?

केसरीनाथ भोईरांचा गुन्हा एवढाच, की त्यांना गुलाब लावायचा होता.

आता गुलाब ही काही त्यांची हौस नव्हे. ते एका खाजगी शाळेत हेडक्लार्क होते, आणि हेडक्लार्क माणसाला परवडते ती एकच हौस त्यांना होती, दुसऱ्याच्या अर्जातल्या चुका काढण्याची. पण शाळेच्या मुख्याध्यापकांनी अंगणात गुलाब लावले, आणि रोज एक फूल आणून ते भोईरांच्याच टेबलावरच्या शाईच्या रिकाम्या बाटलीत खोचायला लागले. वर म्हणायचे, "तुम्हाला नाही जमायचं हे, भोईर. चाळीत जागा कुठं असते?"

"जागा आहे," भोईर म्हणाले. हे म्हणायची काही गरज नव्हती. पण माणसाला अपमान गिळताना कधीकधी ठसका लागतो, तसं ते बाहेर पडलं.

जागा होती, कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीतल्या त्यांच्या खोलीमागे. चार हात लांब, दोन हात रुंद. तिच्यावर चार वर्षांपूर्वीच्या छपराची मंगळोरी कौलं रचून ठेवली होती आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून वर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या. हे काट्यांचं ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यामुळेच झाला.

१९८७ सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास भोईर बनियन आणि लेंगा अशा वेषात कौलं काढायला गेले. पाच कौलं सुखरूप निघाली. सहाव्याखाली त्यांनी हात घातला आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. डावीकडून उजवीकडे काहीतरी तपकिरी, लांबट, दोरीसारखं सरकलं (पण दोरी कधी स्वतःहून घरी जात नाही), आणि त्याच क्षणी उजव्या हाताला कळ आली.

भोईरांनी हात बाहेर काढून पाहिला. करंगळीच्या खाली तीन लाल ठिपके होते.

हे तीन ठिपके भोईरांना पटेनात. शाळेच्या व्हरांड्यात प्रथमोपचाराचा एक तक्ता होता, त्यात विषारी साप चावल्याची खूण म्हणून दोन ठिपके स्पष्ट काढले होते. काट्याला तसा काही नियम नाही, तो एकही पाडील, सातही पाडील. पण तीन? दोन सापाचे आणि एक काट्याचा? की तिन्ही काट्याचे आणि साप बिचारा आपल्या वाटेने चालला होता? की सापाने एकदा चावून, समाधान न झाल्यामुळे, पुन्हा निम्मंच तोंड लावलं होतं?

ओरडायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. पण ओरडायचं तर नेमकं काय म्हणून ओरडायचं? 'साप' म्हणावं आणि काटा निघावा, तर सोमवारी मुख्याध्यापकांच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही. 'काटा' म्हणून कोणी ओरडत नाही. तेव्हा ते शांतपणे घरात गेले. पार्वतीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"अगं, काटा लागला की किती ठिपके पडतात?"

"काय?" पार्वतीबाईंना ऐकू गेलं नाही. भिंतीपलीकडे मोहिउद्दीन बुबेरेशेठचे बारा लूम चालू होते. कामतघरात नवरा-बायकोचं बोलणंसुद्धा ओरडूनच होतं.

"काटा! किंवा असेल... साप!"

"काय असेल?"

भोईरांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जोर लावून ते ओरडले, "साऽऽप!"

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. बाराही लूम एकदम थांबले. शेजारच्या शेडमधले थांबले, पलीकडच्या गल्लीतलेही थांबले. आणि त्या अचानक पसरलेल्या शांततेत केसरीनाथ भोईरांचा 'साप' पार रस्त्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

पुढच्या दोन मिनिटांत चाळ खोलीत होती.

सगळ्यात आधी पुतळाबाई आल्या. त्या समोरच्या खोलीतल्या, सत्तरीच्या, आणि सापाच्या बाबतीत चाळीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या मागून स्वतः मोहिउद्दीनशेठ, हातात सुताचा एक मोठा कोन घेऊन. का आणला ते त्यांनाही ठाऊक नसावं, हातात होता म्हणून आला. पण आल्यावर त्याचा उपयोग त्यांना लगेच सुचला.

"मास्तर, हिलना नक्को! हलला की जहर चढतो," म्हणत त्यांनी भोईरांच्या मनगटाला सूत गुंडाळायला सुरुवात केली. भोईर शाळेत आहेत म्हणून शेठ त्यांना मास्तर म्हणत. एरवी भोईर 'हेडक्लार्क' अशी दुरुस्ती करत, आज राहून गेली. शेठचा हात कसबी. बघता बघता मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं स्वच्छ, एकसारखं, एकही वेढा दुसऱ्यावर न चढलेलं सूत बसलं. बघणाऱ्यांनी कौतुक केलं.

"सूत नको, पाला आना," पुतळाबाई म्हणाल्या. कडुनिंबाचा पाला आला. त्यांनी मूठभर भोईरांच्या तोंडात कोंबला. "चाव केसरी. साप चावला आसंल तं कडू लागनार न्हाय. बोल, कडू लागतं का?"

 भोईरांनी चावलं. प्रामाणिकपणे, नीट विचार करून चावलं. अडचण अशी, की गेली तीन वर्षं पार्वतीबाई त्यांना मधुमेहासाठी रोज सकाळी काडेचिराइताचा काढा देत होत्या. तो घेणाऱ्याला जगात कडू असं काही उरत नाही.

"कडू?" भोईर म्हणाले. "विशेष नाही."

बायकांनी एकदम गळा काढला.

"मिरची आना!" पुतळाबाईंनी हुकूम सोडला. मिरची मात्र अशी झोंबली, की भोईरांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. म्हणजे निंबाच्या मते साप चावला होता आणि मिरचीच्या मते नव्हता. चाळीत दोन तट पडले. भोईरांना वाटलं, आपण ठामपणे एका बाजूला असायला हवं. पण कुठल्या, ते ठरेना.

तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, "हात बघा! निळा पडला!"

खरंच हात निळा पडला होता. बोटं सुजली होती, नखं जांभळी दिसत होती. जहर चढलं, यावर आता निंबवाले आणि मिरचीवाले यांचं एकमत झालं. हात चांगल्या मजबूत सुताने आवळला की कोणाचाही निळा पडतो, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात आलं नाही. भोईरांच्याही नाही. त्यांनी निळ्या हाताकडे पाहिलं. आतापर्यंत ही फक्त नामुष्की वाटत होती. आपण मरतो आहोत की काय, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. मरणाबद्दल तक्रार नव्हती एवढी, पण कशाने मरतो आहोत ते तरी कळायला हवं होतं.

बाळाराम रिक्षा घेऊन दारात उभाच होता. "दादा, बसा. सरळ अकलोलीला नेतो. तिकडं एक भगत हाय, मंतर टाकला का साप सोता येऊन इख चोखून घेतो."

"तेवढ्या लांब सापाला कोण सांगणार?" भोईरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, पण तोवर अकलोली की दवाखाना, यावर वाद पेटला. पुतळाबाई भगताच्या बाजूने, शेठ दवाखान्याच्या, बाकीचे जो शेवटी बोलेल त्याच्या.

पार्वतीबाई या वादात पडल्या नाहीत. त्या रिक्षात जाऊन बसल्या, भोईरांना शेजारी बसवलं आणि बाळारामाला म्हणाल्या, "दवाखान्यात घे."

बाळारामाने घेतली. मागोमाग चाळही निघाली.

दवाखाना धर्मादाय होता, गावाच्या टोकाला, दोन मजली. आत शिरल्याशिरल्या केसपेपरची खिडकी. खिडकीत एक कारकून.

"नाव? वय? काय झालं?"

"साप चावला. म्हणजे, असावा."

"कुठला साप?"

"माहीत नाही."

"विषारी की बिनविषारी?"

"माहीत नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग चावला हे तरी माहीत आहे?"

 तीस वर्षं भोईरांनी अपुरे अर्ज परत पाठवले होते. खिडकीच्या या बाजूला उभं राहूनसुद्धा त्यांना मनापासून वाटलं, की कारकुनाचं बरोबर आहे. असल्या अर्जावर त्यांनीही सही केली नसती. ते "मी माहिती घेऊन येतो" म्हणून वळलेसुद्धा. पण तेवढ्यात आतून माजिदा सिस्टर आली. ही मोहिउद्दीनशेठची पुतणी. तिने आधी भोईरांचा हात पाहिला, मग मागे उभ्या असलेल्या शेठकडे.

"चाचा, हे तुमचं काम ना?"

"कसं ओळखलं?"

"एवढी सफाई दुसऱ्या कोणाची असणार! केसपेपर मागून. चला आत."

तिने भोईरांना खाटेवर आडवं केलं आणि सूत जपून कापायला घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या. वयाने भोईरांच्या शाळेतून परवाच पास होऊन गेल्यासारख्या वाटत होत्या, पण आवाज मुख्याध्यापकांचा.

"हे बांधायला कोणी सांगितलं? बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पाला खायचा नाही. गडबड न करता, हात न हलवता दवाखान्यात यायचं, बस्स. डोळ्यांच्या पापण्या जड वाटतात?"

भोईरांनी पापण्यांकडे लक्ष दिलं. लक्ष दिल्यावर त्या जड वाटल्या. "थोड्या."

"एकाचे दोन दिसतात?"

भोईरांनी दाराकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "हो," ते हळूच म्हणाले. "मोहिउद्दीनशेठ दोन दिसतात."

 डॉक्टरीणबाई वाकल्या. माजिदाने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "ते नूरुद्दीनचाचा आहेत. जुळे भाऊ. आत्ताच आले."

एवढ्यात शेठच्या शेडमधले दोन विणकर घामाघूम होऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकणाला भोकं पाडली होती. "पकड लिया साहब! कौल के नीचेही बैठा था." डॉक्टरीणबाईंनी भोकातून आत बॅटरी मारली. "धामण आहे. बिनविषारी. पण तुम्हाला कोणी सांगितलं पकडायला? दुसरा असता तर आज माझ्याकडे तीन पेशंट झाले असते. जिथून आणला त्या बाजूला मोकळ्या जागेत सोडा, आणि लांब उभे राहून."

"म्हणजे यांना धामणच चावली!" सगळे आनंदले.

"कशावरून? ढिगाऱ्यात एकच साप असतो असं कोणी सांगितलं?"

सगळ्यांचे चेहरे पुन्हा पडले. भोईरांना डबा दाखवून 'हाच का तो' असंही विचारून झालं. त्यांना फक्त तपकिरी रंग आठवत होता, आणि आता तर तो डब्याचा होता की सापाचा, तेही सांगता येईना.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या कोरड्या नळीत भोईरांचं थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. "वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. रक्त जमलं तर बरं. पाण्यासारखं राहिलं तर विष भिनतंय. आमच्याकडे लसीच्या दोनच बाटल्या आहेत, लागल्या तर दहाएक लागतील. कोणीतरी कल्याणहून आणून ठेवा." चिठ्ठी आणि बर्फाचा थर्मास घेऊन बाळाराम सुटला.

ती वीस मिनिटं भोईर पुढे जन्मभर विसरले नाहीत. नळीभोवती पंधरा माणसं श्वास रोखून उभी होती. कोणी शिंकलं तरी बाकीचे रागावून बघत. नूरुद्दीनशेठ घड्याळ धरून मिनिटं मोजत होते. पार्वतीबाई मात्र नळीकडे बघत नव्हत्या. त्या भोईरांचा सुजलेला हात दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या, आणि त्यांचा अंगठा त्या तीन ठिपक्यांवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. भोईरांच्या ध्यानात आलं, की लग्नाला बावीस वर्षं झाली, पण चारचौघांत हिने आपला हात कधी धरला नव्हता. त्यांना संकोच वाटला. हात सोडवावासा मात्र वाटला नाही.

वीस मिनिटांनी माजिदाने नळी आडवी केली. रक्त हललं नाही. घट्ट, खरवसाच्या वडीसारखं जमलं होतं.

"जमलं!" असा गजर झाला, की वरच्या मजल्यावरची मंडळी खाली डोकावली.

"एवढ्यात उड्या मारू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही वेळा विष उशिरा दिसतं. उद्या सकाळपर्यंत इथंच. संध्याकाळी पुन्हा रक्त बघू." आणि त्या वरच्या वॉर्डात गेल्या.

म्हणजे वाचलो की नाही, हेही नक्की नव्हतं. भोईर पडून राहिले. भोवती चाळीने फराळाचं काढलं. पुतळाबाई नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होत्या. मोहिउद्दीनशेठच्या तोंडी आता तो पाच हाती नाग झाला होता, आणि फणा काढून मास्तरांशी त्याची नजरानजरही झाली होती.

बाराच्या पुढे बाळाराम थर्मास छातीशी धरून धावत आला. "आनल्या! दुकानात होत्या तेवढ्या दहाच्या दहा!" त्याच्यासाठी वाट झाली, पाठ थोपटली गेली. वाट करायला म्हणून गर्दी जराशी फाकली, आणि त्या फटीतून भोईरांना केसपेपरच्या खिडकीसमोरचं बाकडं दिसलं.

बाकड्यावर एक माणूस बसला होता. तोंडाला चिखल, डोळे मिटलेले. शेजारी त्याची बायको, हातात नंबराचा कागद घट्ट धरून.

"ती कोण?"

"ती व्हय? चिंधू आन राहीबाई. कल्यानच्या वाटंवरच्या कोन गावातले," बाळाराम म्हणाला. "येताना रस्त्याला हात केला त्यांनी, घेऊन आलो. भात कापताना धसकट लागला पायाला. नंबर हाय त्यांना."

भोईरांनी त्या पायाकडे पाहिलं. सकाळपासून त्यांनी आपल्या हाताशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे या एका विषयात ते आता तयार झाले होते. पाऊल भोपळ्यासारखं सुजलं होतं आणि सूज पोटरीवर चढली होती. तिथे कोणी सूत बांधलेलं नव्हतं. घोट्याजवळ दोन ठिपके होते. स्वच्छ, तक्त्यात काढल्यासारखे. आणि त्यांतून रक्त पाझरत होतं. पाझरायचं थांबतच नव्हतं.

केसरीनाथ भोईर खाटेवर उठून बसले आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा, पण या वेळी काय म्हणून ते नीट ठाऊक असताना, ओरडले, "डॉक्टर! साप याला चावलाय! याला!"

चिंधूला खाट हवी होती. भोईर उतरले. डॉक्टरीणबाई जिना उतरून धावत आल्या. पाय बघताच त्यांनी माजिदाकडे नळी मागितली. रक्त नळीत घेतलं गेलं. हिरड्यांतूनही रक्त येत होतं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहून आलं.

"घोणस असणार. लस आत्ता द्यायला हवी. आमच्या दोन पुरायच्या नाहीत."

सगळ्यांचं लक्ष थर्मासकडे गेलं.

"पन ते केसरीचं औषध हाय," पुतळाबाई हळूच म्हणाल्या. "संध्याकाळी त्याचं रक्त बिघडलं तं?"

 प्रश्न वाईट मनाने विचारलेला नव्हता. भोईरांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी ठाण्याला माणूस पाठवते. मिळतील असं वाटतं. खात्री देऊ शकत नाही."

भोईरांनी आपले तीन ठिपके पाहिले. सकाळपासून पाहत होते तसेच, काहीच न सांगणारे. "द्या त्याला," ते म्हणाले. आवाज जेवढा मोठा यायला हवा होता तेवढा आला नाही. पार्वतीबाईंना तो ऐकू गेला. त्यांनी बाळारामाच्या हातून थर्मास घेतला आणि माजिदाच्या हातात दिला. 

दुपारभर भोईर जमिनीवर चटई टाकून बसले होते. चाळीतली माणसं हळूहळू पांगली. जाताना काहींचा चेहरा थोडा हिरमुसलेला होता. पाच हाती नागाचा माणूस खाली चटईवर, आणि धसकटवाला खाटेवर, हे काही गोष्टीला शोभत नव्हतं. मोहिउद्दीनशेठ मात्र राहिले. मधूनमधून भोईरांचं बोट दाबून पाहायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "उतरतंय."

संध्याकाळी भोईरांचं रक्त पुन्हा जमलं. चिंधूचं जमलं नाही. माजिदाने उरलेल्या बाटल्या लावल्या. ठाण्याला गेलेला माणूस आठ बाटल्या घेऊन आला, त्यातल्याही काही गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डॉक्टरीणबाईंनी चिंधूची नळी आडवी केली, उजेडाला धरून पाहिली, आणि पुन्हा एकदा आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा मिळेल का कुठे?" नूरुद्दीनशेठ चहा आणायला धावले. की मोहिउद्दीनशेठ, ते भोईरांना कळलं नाही.

चिंधूला झोप लागली होती. राहीबाई खाटेशी खाली बसली होती, भोईरांच्या चटईच्या कडेला. रात्रभरात ती प्रथमच बोलली.

"भाऊ, तुमाला काय चावला व्हता?"

भोईरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. शेठ दारात चहाचे ग्लास घेऊन उभे होते आणि डोळ्यांनी 'नाग, नाग' सुचवत होते. पार्वतीबाईही बघत होत्या.

"खरं सांगू का बाई," भोईर म्हणाले, "मला ते कळलंच नाही."

राहीबाईने मान हलवली. तिला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिने झोपलेल्या नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"ह्यांना पन न्हाय कळला," ती म्हणाली, आणि शेठने पुढे केलेला पहिला ग्लास तिने भोईरांकडे सरकवला.